पापणीत पू धरला आहे: थांबावे की चीर द्यावी?

पत्राचा सारांश: 44 वर्षांच्या एका वाचक भगिनींच्या उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर आठ दिवसांपूर्वी रांजणवाडी आली. वर्षभरातली ही तिसरी, आणि तिन्ही त्याच पापणीवर. चौथ्या दिवशी त्यांनी आरशासमोर उभे राहून ती नखांनी दाबून फोडण्याचा प्रयत्न केला. थोडे रक्त आले, पू आला नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोळा अर्धा मिटलेला होता. नेहमीच्या डॉक्टरांनी प्रतिजैविकाच्या गोळ्या दिल्या. तीन दिवसांत आजूबाजूची लाली ओसरली, पण मधोमध मण्याएवढा मऊ फुगवटा आणि ठणका राहिला. नेत्रतज्ज्ञांनी पाहून सांगितले की पापणीत गळू झाले आहे आणि लहानशी चीर देऊन पू काढावा लागेल. त्यांचे पती म्हणतात, आधी गोळ्या पूर्ण होऊ दे. सासूबाई म्हणतात, पिकू दे, आपोआप फुटेल. त्यांना स्वतःला डोळ्याजवळ येणाऱ्या सुरीची आणि चेहऱ्यावर राहणाऱ्या व्रणाची धास्ती आहे. शिवाय पापणी दाबल्याचे, आणि पूर्वी ॲलर्जीसाठी मिळालेले स्टेरॉइडचे उरलेले थेंब दोन दिवस घातल्याचे त्यांनी नेत्रतज्ज्ञांना सांगितलेले नाही. त्यांचा प्रश्न असा: सुरी टाळण्यासाठी आणखी किती दिवस थांबता येईल?

उत्तर:

तुमचा प्रश्न हा मजकूर प्रसिद्ध होईपर्यंत थांबण्यासारखा नव्हता, म्हणून पत्र मिळाले त्याच दिवशी तुम्हाला दोन ओळी वेगळ्या कळवल्या होत्या: थांबू नका, त्याच नेत्रतज्ज्ञांकडे परत जा, आणि न सांगितलेल्या दोन्ही गोष्टी त्यांना सांगा. त्या सल्ल्यामागची कारणे सविस्तर लिहितो, कारण याच वळणावर अडलेले आणखीही वाचक असणार.

‘किती दिवस थांबता येईल’ असे विचारताना तुम्ही धरून चालला आहात की थांबलो तर पापणीतले सगळे आहे तिथेच राहील आणि निर्णय तेवढा पुढे जाईल. पापणीतला पू असा थांबत नाही. तो वाट शोधत असतो, आणि ती वाट कोणत्या बाजूने निघेल हे त्याच्यावर सोपवायचे की हिशेबाने आखलेल्या चिरेवर, एवढाच खरा प्रश्न तुमच्यापुढे आहे.

हे समजण्यासाठी पापणीची रचना थोडी पाहावी लागेल. पापणीची कातडी सबंध शरीरात सर्वांत पातळ, एक मिलिमीटरहूनही कमी जाडीची असते आणि तिच्याखालचा थर इतका सैल असतो की जरासे पाणी साचले तरी डोळा मिटतो. त्यामुळे नुसत्या सुजेच्या आकारावरून आजार किती गंभीर आहे हे ठरवता येत नाही; किडा चावूनही पापणी टम्म फुगते आणि दुसऱ्या दिवशी पूर्ववत होते. पापणीच्या कडेला केसांच्या मुळांशी अगदी लहान ग्रंथी असतात, आणि पापणीला ताठपणा देणाऱ्या आतल्या पट्टीत तेलग्रंथींची एक रांग असते. वरच्या पापणीत अशा साधारण 30 ते 40 आणि खालच्या पापणीत 20 ते 30 ग्रंथी असतात. हाइनरिख मायबोम या जर्मन वैद्याने 1666 साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. त्यांतून पाझरणारे तेल अश्रूंवर पातळ थर धरते आणि अश्रू लवकर सुकू देत नाही. एखाद्या ग्रंथीचे तोंड बुजले की तेल आत साचते, आणि एरवी कितीतरी निरोगी माणसांच्या कातडीवर व नाकात निमूटपणे राहणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूला तिथे आयतीच जागा मिळते. केसाच्या मुळाशी असे झाले तर बाहेरची रांजणवाडी, आणि तेलग्रंथीत झाले तर आतली. आतली जास्त दुखते, वेळ घेते आणि पुष्कळदा पापणीच्या आतल्या बाजूने तोंड काढते.

बहुतेक रांजणवाड्या आठवड्या-दोन आठवड्यांत शेकाने आणि वेळाने बऱ्या होतात. तुमच्या सासूबाईंनी आयुष्यात पाहिलेल्या रांजणवाड्या याच असणार, त्यामुळे त्यांचा सल्ला अनुभवातून आलेला आहे आणि दहांतल्या बहुतेक प्रसंगी तो लागूही पडेल. फक्त तुमच्या पापणीत आता रांजणवाडी उरलेली नाही. तिथे गळू झाले आहे, म्हणजे जंतू, मेलेल्या पेशी आणि पांढऱ्या पेशींचा राडा यांच्याभोवती शरीराने भिंत घालून एक कप्पा तयार केला आहे. बोटाला तो मऊ, आत द्रव असल्यासारखा लागतो आणि वर ठणका असतो. याच्या उलट कॅलेझियन नावाची जी निबर गाठ असते, ती ग्रंथीत अडकलेल्या तेलाभोवती सावकाश जमते; ती दुखत नाही, गरम लागत नाही आणि महिनोन्‌महिने तशीच बसून राहते. चौथा प्रकार म्हणजे पू एका जागी न साचता संसर्ग सबंध पापणीत पसरणे, ज्याला डॉक्टर सेल्युलायटिस म्हणतात. आपल्याकडे या चारही अवस्थांना सरसकट ‘रांजणवाडी’ म्हणण्याची सवय आहे, आणि एकीचा उपाय दुसरीला लावला जातो तो या सवयीमुळेच. तुमच्या घरातल्या मतभेदाचे मूळही तेच आहे: सासूबाई रांजणवाडीबद्दल बोलत आहेत, पती सेल्युलायटिसबद्दल, आणि नेत्रतज्ज्ञ गळवाबद्दल.

तुमच्या पतींचे म्हणणे मी बाजूला सारत नाही. गोळ्यांनी काम केले आहे. आजूबाजूची लाली ओसरली ती त्यांच्यामुळेच, आणि संसर्ग पसरण्याचा धोका त्यांनी कमी केला. पण प्रतिजैविक रक्तातून प्रवास करते आणि गळवाच्या कप्प्यात रक्तवाहिन्या नसतात. भिंत ओलांडून थोडे औषध आत झिरपले तरी आतले वातावरण आम्लधर्मी व प्राणवायू कमी असलेले असते. तिथे काही औषधांचा जोर ओसरतो, आणि सुस्तावलेले जंतू औषधालाही सहजासहजी दाद देत नाहीत. म्हणून साचलेला पू बाहेर काढणे हा गळवाचा मुख्य उपचार आहे आणि गोळ्या त्याच्या जोडीला असतात. गोळ्या की चीर, अशी निवड तुमच्यापुढे मुळात नव्हतीच. चीर दिल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस गोळ्या घ्याव्या लागतील, आणि ठणका थांबला म्हणून त्या मध्येच बंद करायच्या नाहीत. पुवाचा नमुना तपासणीला गेला तर कोणता जंतू आहे आणि त्यावर कोणते औषध चालते हेही कळते. नुसत्या गोळ्या घेत राहिल्याने ते कधीच कळले नसते.

मग आपोआप फुटू दिले तर काय बिघडते? काही वेळा खरोखर काहीच बिघडत नाही. गळू कातडीच्या बाजूने फुटते, पू वाहून जातो आणि माणूस मोकळा होतो. पण फुटण्याची जागा आपल्या हातात नसते. पातळ कातडी वेडीवाकडी फाटून बरी झाली तर तिचा व्रण आखलेल्या चिरेपेक्षा ओबडधोबड असतो, आणि व्रणाची भीती हे तर तुमचे थांबण्याचे कारण होते. याहून महत्त्वाची बाब खोलवर आहे. खोबणीच्या हाडाच्या कडेपासून पापणीपर्यंत एक पातळ, चिवट पडदा असतो. त्याच्या पुढचा संसर्ग हा पापणीचा आजार, आणि त्याच्या मागचा संसर्ग हा डोळ्याच्या खोबणीचा आजार. पुढचा बहुधा गोळ्यांनी आटोक्यात येतो, तर मागचा डोळ्याच्या नसेवर दाब आणून दृष्टी घालवू शकतो, आणि शिरांच्या वाटेने मेंदूजवळच्या रक्तवाहिन्यांपर्यंतही पोहोचू शकतो. मोठ्या माणसांत पापणीतला संसर्ग हा पडदा ओलांडतो असे क्वचितच होते. तुम्हाला घाबरवण्यासाठी हे लिहिलेले नाही. कोणत्या खुणा दिसल्या तर चीर, गोळ्या, उद्याची भेट हे सगळे सोडून त्याच तासाला रुग्णालयात निघायचे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावे एवढ्यासाठी लिहिले आहे.

त्या खुणा अशा. बोटांनी पापणी हलकेच उचला आणि दुसरा डोळा झाकून समोरचे अक्षर वाचा. नजर अंधुक झाली असेल किंवा रंग फिके वाटत असतील तर ती धोक्याची सूचना आहे. मान न हलवता नजर वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिरवा. तसे करताना बुबुळामागे कळ येत असेल, डोळा एखाद्या बाजूला वळत नसेल किंवा एकाच्या दोन वस्तू दिसत असतील तर दुखणे पडद्यामागे गेले असण्याची शक्यता आहे. डोळा पुढे आल्यासारखा दिसणे, ताप येणे, डोके भयंकर दुखणे, उलट्या, ग्लानी, किंवा गोळ्या चालू असूनही 24 ते 48 तासांत सूज वाढतच जाणे, यांपैकी काहीही असेल तर शिरेतून औषध द्यावे लागू शकते आणि खोबणीचे सीटी स्कॅन करावे लागू शकते. तुमच्या पत्रात यांतली एकही खूण नाही. त्यामुळे तुमचा प्रसंग आणीबाणीचा नव्हता, एक-दोन दिवसांत उरकण्याचा होता. या दोहोंतला फरक ज्याला ठाऊक आहे तो उगाच घाबरतही नाही आणि उगाच थांबतही नाही.

आता सुरीविषयी. ‘डोळ्यावर सुरी’ असे तुम्ही लिहिले आहे, पण चीर पापणीला दिली जाते, डोळ्याला नव्हे. आधी डोळ्यात बधिर करणारे थेंब घालतात, मग पापणीत बारीक सुईने भूल देतात. गळू आतल्या बाजूला आलेले असेल तर पापणी उलटी करून आतून चीर देतात. ती तेलग्रंथींच्या दिशेने उभी असते, म्हणजे शेजारच्या ग्रंथी कापल्या जात नाहीत, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. गळू कातडीच्या बाजूला असेल तर चीर कातडीच्या मूळच्या घडीला समांतर, आडवी देतात, म्हणजे पुढे तिची रेघ घडीत मिसळून जाते. जखम बहुधा न शिवता उघडी ठेवतात, कारण उरलासुरला पू वाहून जायला हवा. सगळे मिळून काही मिनिटांचे काम असते. ‘अजिबात दुखत नाही’ असे मात्र मी तुम्हाला सांगणार नाही. सुजलेल्या, आम्लधर्मी झालेल्या भागात भुलीचे औषध नेहमीइतके चढत नाही, आणि सुई टोचताना तर चांगलेच झोंबते. पण पू निघाल्यावर ठणका ज्या झपाट्याने उतरतो, त्यापुढे ती कळ बहुतेकांना सोसण्याजोगी वाटते. डोळ्यावर काही तास पट्टी असू शकते, म्हणून गाडी स्वतः चालवत जाऊ नका, सोबत कोणी तरी न्या. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल किंवा एखाद्या औषधाची, विशेषतः पेनिसिलिनची, ॲलर्जी असेल तर टेबलावर आडवे होण्याआधीच सांगा.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत खटकलेली ओळ सुरीबद्दलची नव्हती. ‘दाबल्याचे सांगितले तर डॉक्टर रागावतील’ असे तुम्ही लिहिले आहे. रागावतीलही कदाचित, डॉक्टरही माणसेच आहेत. पण पापणी दाबल्याने ग्रंथीची भिंत आतल्या आत फुटून पू शेजारच्या सैल थरात पसरतो, आणि तुमचा डोळा दुसऱ्याच सकाळी मिटला त्याचे हे कारण असण्याचा दाट संभव आहे. हे कळले तर पू एका कप्प्यात आहे की दोन, याचा अंदाज तपासणाऱ्याला बांधता येतो. थेंबांची बाब याहून गंभीर आहे. स्टेरॉइड लाली आणि सूज दाबते, त्यामुळे दोन दिवस बरे वाटते, पण त्याच वेळी ते जंतूंशी लढणारी तिथली यंत्रणाही दाबते. आजार ओसरला की नुसता झाकला गेला, हे मग तपासणाऱ्यालाही ओळखू येत नाही. डोळ्यात नागिणीच्या जातीच्या विषाणूचा संसर्ग असेल तर याच थेंबांनी बुबुळावरची जखम चिघळते, आणि दीर्घकाळ घातले तर डोळ्यातला दाब वाढणे व मोतीबिंदू हे परिणाम होऊ शकतात. दोन दिवसांच्या वापराने तुमचे कायमचे नुकसान झाले असेल असे मला वाटत नाही, पण ती बाटली भेटीला जाताना बरोबर न्या आणि परत येताना घरी आणू नका. कपाटात उरलेल्या डोळ्यांच्या औषधाइतकी फसवी काटकसर दुसरी नसेल.

ज्या वाचकांची रांजणवाडी अजून पहिल्या-दुसऱ्या दिवसाची आहे, त्यांच्यासाठी शेक हा खरा उपाय आहे, आणि तो नीट केला जात नाही अशी माझी जुनी तक्रार आहे. स्वच्छ फडके कोमट पाण्यात नव्हे, सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळावे, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावे आणि मिटलेल्या पापणीवर 10 ते 15 मिनिटे ठेवावे. ते दोन मिनिटांत निवते, म्हणून पुन्हा पुन्हा बुडवावे लागते. दिवसातून तीन-चार वेळा असे केले तर गोठलेले तेल पातळ होते आणि बुजलेले तोंड मोकळे होण्याची शक्यता वाढते. ओले फडके मायक्रोवेव्हमध्ये तापवून थेट पापणीवर ठेवू नये. ते एका जागी कोमट तर दुसऱ्या जागी भाजेल इतके तापलेले असते. दाबणे, सुईने टोचणे, पापणीचा केस स्वतः उपटणे, कुठलाही लेप लावणे, हे काहीही करू नये. बरे होईपर्यंत कॉन्टॅक्ट लेन्स आणि डोळ्यांचे प्रसाधन बंद ठेवावे, आणि आजारपणात वापरलेली काजळ-मस्करा यांची जुनी डबी टाकूनच द्यावी. टॉवेल वेगळा ठेवावा, पण रांजणवाडी म्हणजे डोळे येणे नव्हे; नुसते समोर बसल्याने ती कोणाला होत नाही. दोन दिवस नीट शेकूनही ती वाढत असेल, किंवा सूज कडेवरून सबंध पापणीवर चढत असेल, तर शेकावर विसंबून राहू नये.

दोन प्रसंगी मात्र घरच्या शेकाचा प्रयोगही करू नये. लहान मुलाची पापणी लाल होऊन मिटली आणि ताप असेल तर त्याच दिवशी दाखवावे. मुलांत सायनसचा संसर्ग खोबणीत उतरू शकतो, आणि मुलाला नजरेतला फरक सांगता येत नाही. दुसरा प्रसंग, सूज पापणीवर नसून नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यात, किंचित खाली असेल तर. तिथे अश्रूपिशवी असते. तिच्यातल्या पुवाचे उपचार वेगळे आहेत, कारण मूळ अडथळा नाकात उतरणाऱ्या अश्रुनलिकेत असतो.

राहिला तुमचा तिसऱ्या वेळेचा प्रश्न, जो पत्रात तुम्ही एका ओळीत उरकला आहे आणि ज्यावर मी सर्वांत जास्त वेळ दिला असता. ‘माझी स्वच्छता कमी पडते का’ असे तुम्ही कंसात विचारले आहे. वारंवार येणारी रांजणवाडी बहुधा अस्वच्छतेमुळे येत नाही. पापणीची कड दीर्घकाळ सुजलेली असणे आणि तेलग्रंथींचे तेल घट्ट होणे, ही तिची नेहमीची कारणे आहेत. केसांच्या मुळाशी कोंड्यासारखे पापुद्रे, सकाळी डोळे चिकटणे, संध्याकाळी रखरख, हे तुम्हाला जाणवत असेल तर त्यावर पापणीच्या कडेची रोजची निगा हाच उपाय आहे: शेक, मग बोटाने वरच्या पापणीवरून खाली केसांच्या दिशेने हलका मसाज, आणि शेवटी ओल्या कापसाने कड पुसणे. हे आता नव्हे, चिरेची जखम भरल्यावर सुरू करायचे, आणि बरे वाटल्यावरही चालू ठेवायचे. चेहऱ्यावर वारंवार लाली येण्याचा त्वचाविकार असेल तर तोही सांगा, कारण त्याचा आणि या ग्रंथींचा जवळचा संबंध असतो. आणि वयाच्या 44 व्या वर्षी रक्तातली साखर अनेक वर्षांत तपासलेली नाही असे तुम्ही लिहिले आहे, तर ती याच आठवड्यात तपासा. मधुमेहात गळवे पुन्हा पुन्हा होतात आणि भरायला वेळ घेतात. काहींना मधुमेह आहे हे प्रथम अशाच एखाद्या हट्टी गळवामुळे कळते.

तिन्ही वेळा नेमकी तीच जागा होती का, हे आरशात पाहून आठवून ठेवा. पापणी तीच, पण जागा वेगवेगळी असेल तर वर लिहिलेली कारणे पुरेशी आहेत. अगदी तोच बिंदू असेल, तिथले केस झडले असतील किंवा कड जाड होऊन तिचा आकार बदलला असेल, तर तेलग्रंथीचा कर्करोग नाही ना, एवढे एकदा पाहून घ्यावे लागते. तो दुर्मीळ आहे, बहुधा तुमच्याहून मोठ्या वयात होतो, आणि तो साध्या गाठीचे सोंग घेऊन येतो म्हणूनच पुनःपुन्हा होणाऱ्या गाठीचा तुकडा डॉक्टर तपासायला पाठवतात. पू निघाल्यावर तिथे न दुखणारी निबर गाठ काही आठवडे राहिली तर घाबरू नका आणि तिला हात लावू नका. ती बहुधा विरते. चिरेनंतर दोन-तीन दिवसांनी जखम दाखवायला जाल तेव्हाच चार ते सहा आठवड्यांनंतरची एक तारीख मागून घ्या. डोळा शांत असताना पापणीची कड जितकी नीट तपासता येते तितकी ती सुजलेली असताना येत नाही, आणि तुमचे तिसऱ्या वेळेचे कोडे त्या भेटीतच सुटण्याची शक्यता अधिक आहे.